जुन्या सोव्हिएत डिझेल लोकोला अमेरिकन इंजिन : कामाचे टप्पे आणि अडणाऱ्या जागा

छताचा भाग उचलायचा, क्रेनला लटकवलेलं नवं इंजिन खाली सोडायचं, बोल्ट आवळायचे, की लोको नवा झाला, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. पैसे मंजूर करणाऱ्यांनाही कधीकधी तसंच वाटतं. प्रत्यक्षात इंजिन आत ठेवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. वेळ आणि पैसा जातो तो तीस-चाळीस वर्षं जुन्या बाकीच्या लोकोला त्या इंजिनाशी जुळवण्यात. हा लेख मुख्यतः त्या जुळवणीबद्दल आहे. (रेल्वेत आपण सर्रास लोकोलाच इंजिन म्हणतो. इथे गोंधळ नको म्हणून लोको म्हणजे अख्खी गाडी आणि इंजिन म्हणजे तिच्या पोटातलं डिझेल.)

उदाहरणं दोन घराण्यांची घेतो. पहिलं टीई१०, म्हणजे २टीई१०व्ही, २टीई१०एम वगैरे. दोन भाग पाठीला पाठ लावून चालणारा मालगाडीचा लोको, दर भागात खारकिव्हच्या मालिशेव्ह कारखान्याचं ३,००० अश्वशक्तीचं १०डी१०० इंजिन. दुसरं एम६२, कोलोम्नाच्या १४डी४० इंजिनाचा २,००० अश्वशक्तीचा लोको. लुहान्स्कहून तो १९६५ पासून हंगेरी, पोलंड, पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, मंगोलिया, उत्तर कोरिया, क्युबा असा सगळीकडे गेला. पोलंडात त्याला 'गागारिन' म्हणतात. जर्मनांनी आवाजाला वैतागून 'टैगाचा ढोल' असं नाव ठेवलं होतं, आणि सुरुवातीच्या लोकोंना सायलेन्सर नव्हता हे पाहता ते चूक म्हणवत नाही.

कझाकस्तानने २००० च्या दशकात टीई१० घराण्याच्या शेकडो भागांमध्ये जनरल इलेक्ट्रिकचं (पुढे जीई) १२ सिलिंडरचं ७एफडीएल इंजिन बसवलं. मंगोलियात २एम६२ ला तेच इंजिन देऊन 'झागाल' मालिका तयार झाली. पोलंडात नोवी सोंच इथल्या नेवाग कंपनीने एम६२ मध्ये तेच इंजिन घालून ३११डी केला. हंगेरीने मात्र आपल्या ३४ एम६२ लोकोंसाठी जर्मन एमटीयू इंजिन निवडलं. म्हणजे अमेरिकन इंजिन हा एकच मार्ग नाही. पण त्यावर अनुभव भरपूर जमा झाला आहे.

भारतीय रेल्वेत हे लोको आले नाहीत. तरीही पुणे किंवा कल्याणच्या लोको-दुरुस्ती शेडमध्ये आल्कोवर (आपल्याकडच्या जुन्या अमेरिकन बनावटीच्या डिझेलवर) हात काळे केलेल्या माणसाला ७एफडीएल अगदीच परकं वाटणार नाही. आल्को २५१ प्रमाणेच त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेदहा इंच, तेही व्ही आकाराचं, ४५ अंशांचं, चार स्ट्रोकचं. साम्य इथे संपतं, सुटे भाग एकमेकांत बसत नाहीत. आल्कोचा ब्लॉक वेल्ड केलेल्या पोलादाचा, एफडीएलची मेनफ्रेम ओतीव लोखंडाची. आल्कोत दोन कनेक्टिंग रॉड शेजारी-शेजारी, एफडीएलमध्ये एक मुख्य रॉड आणि दुसरा त्यालाच जोडलेला. आल्कोच्या सवयीने एखादा ब्रॅकेट ओतीव फ्रेमवर वेल्ड करायला गेलात तर फ्रेम हातची जाईल.

एक गंमत जाता जाता. ज्या इंजिनांना आपण सोव्हिएत म्हणून काढून टाकतो त्यातल्या काहींचं माहेर अमेरिकाच आहे. दुसऱ्या महायुद्धात मदत म्हणून आलेल्या आल्को लोकोंवरून सोव्हिएत डी५० इंजिन तयार झालं, आणि त्याचा वारस पीडी१एम टीईएम२ या शंटिंगच्या (यार्डात डबे हलवणाऱ्या) लोकोत आहे. १०डी१०० चा पूर्वज २डी१०० तर फेअरबँक्स-मोर्स या अमेरिकन कंपनीच्या समोरासमोर पिस्टन असलेल्या इंजिनावरून घेतलेला. त्याचा २५४ मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे बरोबर दहा इंच.

लोको निवडताना

शेडच्या मागच्या लाइनीत जे गंजत पडलेत ते घ्यायचे, हा मोह टाळा. इंजिन नवं येणार, त्यामुळे जुन्या इंजिनाची हालत कशी आहे याला काही किंमत नाही. किंमत आहे ती मुख्य फ्रेमला, बोगींना (लोकोखालच्या चाकांच्या सांगाड्यांना) आणि ट्रॅक्शन मोटरांना (इंजिनाने तयार केलेल्या विजेवर चाकं फिरवणाऱ्या मोटरांना), कारण तेच पुढची पंधरा-वीस वर्षं वापरायचे आहेत.

फ्रेम धुऊन, रंग खरवडून पाहा. पिव्हटच्या (बोगी जिच्याभोवती वळते त्या खुंटीच्या) आसपास, कपलरच्या खोबणीजवळ, बॅटरीच्या पेट्यांखाली आणि इंजिनाच्या बैठकीच्या कोपऱ्यांत भेगा शोधा. पृष्ठभागावरच्या भेगांना डाय पेनिट्रंट पुरतो, जाड भागांना अल्ट्रासॉनिक लागतं. दोन्ही टोकांपासून पियानो वायर ताणून फ्रेमचा बाक मोजा आणि आकडा लिहून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे. टीई१० मध्ये २टीई१०व्हीपासून पुढच्या लोकोंना बिनजबड्यांची बोगी (चाकाची बेअरिंगपेटी घासत्या खोबणीत न धरणारी) आहे. त्याआधीच्या जुन्या, जबड्यांच्या बोगीवर एवढा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झिजलेल्या जबड्यांवरचा खर्च कधी संपत नाही.

मोटरांचा इन्सुलेशन रेझिस्टन्स गरम असताना मोजा, थंड मोटर सगळ्यांनाच चांगली वाटते. सहापैकी दोनहून जास्त मोटरा पुन्हा गुंडाळाव्या लागत असतील तर त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात घाला. नाहीतर वर्षभरात हाच खर्च वेगळ्या नावाने अंगावर येतो.

कोणतं इंजिन

सरळ दोन पंथ आहेत. एक मध्यम वेगाचं, जड, मिनिटाला १,०५० फेऱ्यांपर्यंतचं इंजिन, जसं ७एफडीएल. दुसरं जास्त वेगाचं, हलकं, १,८०० फेऱ्यांचं, जसं कॅटरपिलर ३५०० मालिका, ज्याचा बोअर १७० मिलिमीटर आहे.

मेनलाइनवर सतत पूर्ण शक्तीने ओढायचं असेल, शेडमध्ये लोकोचं मोठं काम करणारी माणसं असतील, तर मध्यम वेगाचं घ्या. त्याचं वजनही जुन्या इंजिनाच्या जवळपास जातं, त्यामुळे तोल सांभाळायला सोपं. एकेक सिलिंडर सुटा काढून बदलता येतो. कॅटरपिलर शंटिंगला आणि हलक्या कामाला उत्तम. सुरू-बंद सहज होतं, डिझेल कमी खातं, सुटे भाग खाणीतल्या डंपरवाल्यांकडेही मिळतात. पण मोठं काम आलं की इंजिन सरळ काढून दुसरं बसवायचं, अशी व्यवस्था हाताशी हवी. ईएमडी या अमेरिकन कंपनीचं दोन स्ट्रोकचं इंजिनही काही जण सुचवतात. चांगलंच आहे, फक्त त्याच्या चांदीचा थर असलेल्या बेअरिंगांमुळे झिंक असलेलं तेल चालत नाही. ज्या शेडमध्ये एकाच टाकीतून सगळ्यांना तेल भरतात तिथे हा नियम किती दिवस पाळला जाईल ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक गोष्ट आधीच पाहा, सुटे भाग येत्या वीस वर्षांत मिळतील का. जीईचा लोको विभाग २०१९ मध्ये वॅबटेक कंपनीत गेला, ईएमडी २०१० मध्ये कॅटरपिलरकडे. कंपन्यांची नावं बदलली तरी भाग मिळत राहिले. राजकारण बदललं की मात्र मिळत नाहीत. क्युबाकडे एम६२ आहेत, पण अमेरिकन इंजिनाचा रस्ता त्यांना बंद आहे. मार्च २०२२ मध्ये कॅटरपिलरने रशियातलं उत्पादन थांबवलं. करारावर सही करण्याआधी हा धोका कागदावर आलाच पाहिजे.

कागदावरचा हिशोब

इथे घाई करणारे पुढे रडतात. तीन हिशोब हवेत : ओढ, वजन, इंधन.

पहिला ओढीचा. एम६२ मध्ये १,४७२ किलोवॅटचं इंजिन आहे आणि तो ताशी २० किलोमीटरला सतत १९६ किलोन्यूटन ओढतो. १९६ गुणिले २० भागिले ३.६, म्हणजे चाकावर साधारण १,०९० किलोवॅट, इंजिनाच्या ७४ टक्के. आता समजा २,००० किलोवॅटचं इंजिन बसवलं, आणि नव्या अल्टरनेटरमुळे (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्रामुळे) चाकापर्यंत ७८ टक्के शक्ती पोचते असं धरलं, तर चाकावर १,५६० किलोवॅट मिळतील. खूश होण्याआधी मोटरांकडे पाहा. त्या जुन्याच आहेत. त्यांना सतत सोसणारा करंट तेवढाच, म्हणून सततची ओढ १९६ किलोन्यूटनच राहणार. बदल एवढाच, की तीच ओढ आता ताशी २० ऐवजी साधारण साडेअठ्ठावीस किलोमीटरपर्यंत टिकेल. चढावर डबे वाढणार नाहीत, तेच डबे लवकर चढतील. 'शक्ती छत्तीस टक्के वाढली, म्हणजे भारही छत्तीस टक्के वाढवू' असं ट्रॅफिक विभागाने वेळापत्रकात लिहिलं की मोटरा जळायला लागतात. हे त्यांना इंजिन मागवण्याआधी लेखी कळवा.

टीई१० चं गणित वेगळं. तिथे ३,००० अश्वशक्तीच्या जागी तेवढंच इंजिन येतं, शक्ती वाढवायची नसते. २टीई१०व्हीचा एक भाग ताशी २३.४ किलोमीटरला सतत सुमारे २४८ किलोन्यूटन ओढतो आणि नव्या इंजिनानेही ढोबळमानाने तेवढाच ओढेल. फायदा आहे तो डिझेल, तेल आणि वाटेत बंद न पडण्याचा.

दुसरा वजनाचा. जुना संच (इंजिन आणि जनरेटर) काढल्यावर किती टन गेले, नवा ठेवल्यावर किती आले, आणि कुठे. समजा नवा संच ६ टनांनी हलका आहे आणि ही घट लोकोच्या मध्यापासून एक मीटर पुढे आहे. दोन पिव्हटमधलं अंतर ८.६ मीटर धरलं तर पुढच्या बोगीवरचे ३.७ टन कमी होतात आणि मागच्यावरचे २.३. म्हणजे पुढच्या प्रत्येक अॅक्सलवर सव्वा टनाची घट. तेवढं वजन गेलं की चाक घसरायला लागतं. कॅटरपिलर बसवलेल्या लोकोत पोलादी पाट्यांचं बॅलास्ट दिसतं ते याचसाठी. बॅलास्ट शक्यतो फ्रेमच्या आत आणि खाली, हव्या त्या टोकाला टाका. मोकळी जागा मिळेल तिथे टाकू नका.

तिसरा इंधनाचा. यात पूर्ण शक्तीचा आकडा पाहून बचत काढण्याची चूक सर्रास होते. समजा किलोवॅट-तासामागे २० ग्रॅम वाचले आणि लोको वर्षाला ३० लाख किलोवॅट-तास काम करतो, तर बचत ६० टन. आकडा छान दिसतो. पण मालगाडीचा लोको बराच काळ लूप लाइनीत उभा राहून नुसता आयडल चालतो, आणि थंड देशात तर बंद पडेल या भीतीने रात्रभर चालवतात. म्हणून तुमच्या लोकोचा महिनाभराचा नोंदीचा कागद काढा, कंट्रोलरच्या (ड्रायव्हर ज्याने शक्ती कमी-जास्त करतो त्या मुठीच्या) कोणत्या पोझिशनला किती तास गेले ते मोजा, आणि मग दोन्ही इंजिनांचा खर्च पोझिशननुसार मांडा. आयडलवरची बचत कित्येकदा ओढण्यातल्या बचतीच्या तोडीची निघते.

लोको उघडणं

छताचे भाग काढा आणि त्यांचे बोल्ट त्याच भागावर बांधून ठेवा. एकट्या १०डी१०० चं वजन वीस टनांच्या आसपास आहे आणि जनरेटर वेगळा, त्यामुळे क्रेनची क्षमता आणि साखळ्यांची तारीख आधी तपासा. एक्झॉस्टच्या जुन्या वेष्टनात अॅसबेस्टॉस असू शकतं, ते कोरडं फाडायचं नाही. ओलं करा, मास्क लावा, पिशवीत बंद करा.

जुनं वायरिंग ठेवावं का, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी निघतो. ठेवू नका. तीस वर्षं तेल पिऊन रबर फुगलेलं असतं आणि नव्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलला गळका करंट सहन होत नाही. तोडण्याआधी मात्र प्रत्येक टर्मिनल पट्टीचे फोटो काढा, क्रमांक टिपा. ब्रेक, केबिनमधली सिग्नल यंत्रणा आणि मागच्या लोकोला जाणारा जम्पर (जोडणारी केबल), या तिघांचे तार-क्रमांक पुढे पदोपदी लागतात.

बैठक आणि वेल्डिंग

जुन्या बैठका कापून नव्या करताना फ्रेम बोगीवर तशीच ठेवून वेल्डिंग करू नका. चार ठिकाणी जॅकवर घ्या आणि सुरुवातीला मोजलेला बाक परत मिळाला का ते पाहा. वेल्डिंगची अर्थिंग क्लॅम्प वेल्डच्या अगदी शेजारी लावा. ती लांब फ्रेमच्या टोकाला लावून काम उरकायची सवय सगळीकडे आहे. मग करंट बेअरिंगांतून वाट काढतो, आणि काही महिन्यांनी मोटरचं बेअरिंग का खरखरतं याचा शोध सुरू होतो. नव्या बैठका वेल्ड झाल्यावर वरचा पृष्ठभाग मशीनवर एका पातळीत घ्या. शिमवर शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) चढवून उंची जुळवणं हा उपाय नाही.

पायाची पद्धत इंजिन बनवणाऱ्याने सांगितली तीच वापरा. कॅटरपिलरचा संच एका सामाईक बेसवर, लवचिक पायांवर येतो, त्यामुळे फ्रेमचा थोडा पीळ त्याला चालतो. जड इंजिन थेट फ्रेमशी बांधलं तर फ्रेम जशी वळेल तसा त्याला ताण बसतो. पुढची पायरी म्हणूनच महत्त्वाची.

क्रँकशाफ्टची तपासणी

आता जवळून एक गोष्ट पाहू, कारण कागदावर 'अलाइनमेंट केली' एवढंच लिहून ही उरकली जाते. क्रँकच्या दोन वेबच्या (क्रँकच्या दोन बाजूंच्या जाड पाट्यांच्या) मध्ये डायल गेज टेकवायचा आणि इंजिन हाताने सावकाश फिरवायचं. कनेक्टिंग रॉड मध्ये येतो म्हणून अगदी तळाला रीडिंग मिळत नाही. तळाच्या अलीकडे एक, बाजूला एक, वर एक, दुसऱ्या बाजूला एक, तळाच्या पलीकडे एक, अशी पाच रीडिंग प्रत्येक क्रँकला घ्या. वर-खालीचा फरक आणि डावी-उजवीकडचा फरक वेगळे मांडा. वेब कुठे उघडतात आणि कुठे मिटतात यावरून इंजिन मध्ये खचलंय की टोकाला, हे कळतं.

हे तीनदा करायचं. संच बैठकीवर ठेवल्यावर पाया आवळण्याआधी. मग बोगी घालून, डिझेलची टाकी भरून, पाणी-तेल-वाळू सगळं भरल्यावर, कारण फ्रेमचा खरा बाक तेव्हाच दिसतो. आणि शेवटी लोड चाचणीनंतर इंजिन गरम असतानाच. रिकाम्या टाकीवर केलेली अलाइनमेंट मी धरतच नाही. सहा-सात हजार लिटर डिझेल फ्रेमच्या मध्यावर लटकलेलं असतं.

पंखे, कंप्रेसर आणि पाणी

जुन्या सोव्हिएत लोकोत बहुतेक सगळं इंजिनाच्या शाफ्टवरून चालतं. गिअरबॉक्स, त्यातून निघणारे शाफ्ट, त्यावर मोटरांचे ब्लोअर, कंप्रेसर, रेडिएटरचा पंखा. अमेरिकन इंजिनाची टोकं आणि फेऱ्या त्या शाफ्टांशी जुळत नाहीत. जुनी शाफ्टिंग वाचवायला मधे आणखी एक गिअरबॉक्स घालायचा मोह होईल, पण तो आणखी एक बिघाडाचा धनी. ब्लोअर, पंखा आणि स्क्रू कंप्रेसर विजेच्या मोटरांवर घ्या आणि त्यांना वेगळा सहाय्यक अल्टरनेटर द्या. पंखा हवा तेव्हाच फिरेल आणि डिझेलही वाचेल.

थंडाव्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. सोव्हिएत रेडिएटरच्या सेक्शन लोकोच्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात, वर पंखा, बाहेर झडपा, आणि आत पाणी कायम भरलेलं. जीईच्या लोकोत पद्धत उलटी. पाणी थंड करायची गरज नसेल तेव्हा रेडिएटर रिकामा होतो आणि पाणी टाकीत परत येतं, म्हणून तो गोठत नाही. उणे ४० अंशांच्या मंगोलियन रात्रीसाठी ही पद्धत फार कामाची. पण त्यासाठी रेडिएटर टाकीच्या वर, छताला हवा, आणि जुन्या उभ्या सेक्शन तशा रिकाम्या होत नाहीत. म्हणून एक तर छताचा तो भागच नव्याने बांधा, नाहीतर जुन्या सेक्शन ठेवून झडपा, पूर्वतापक आणि पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह यांवर कडक नजर ठेवा. मधला मार्ग काढायला गेलात तर पहिल्याच हिवाळ्यात सेक्शन फुटतील. कॅटरपिलरला मात्र अँटिफ्रीझ चालतं, उलट ते घालायलाच सांगतात. तिथे हा प्रश्न येत नाही.

रेडिएटरची क्षमता ठरवताना हिवाळा नाही, उन्हाळा धरा. कझाकस्तानच्या गवताळ पठारावर जुलैत चाळीस अंश असतात, गाडी चढावर, वारा मागून. टर्बोचार्जरने दाबलेल्या हवेचा थंडावाही याच पाण्यातून जातो हे हिशोबात धरा.

हवेच्या फिल्टरवर कंजुषी करू नका. टीई१० चे जुने फिल्टर तेलात बुडणाऱ्या जाळीचे आहेत. टर्बोचार्ज केलेल्या नव्या इंजिनाला धुळीच्या प्रदेशात ते पुरत नाहीत. इनर्शियल फिल्टर आणि त्यामागे पिशवीचे फिल्टर अशी दुहेरी सोय करा, आणि इंजिनाच्या खोलीत बाहेरची हवा नको तिथून शिरणार नाही हे पाहा.

वीज

जुना डीसी जनरेटर काढून अल्टरनेटर आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) येतो. टीई१० च्या जीपी-३११बी जनरेटरचे आकडे पाहा : ४६५ व्होल्टला ४,३२० अँपिअर, ७०० व्होल्टला २,८७०. सहा ईडी-११८ मोटरा समांतर जोडलेल्या, म्हणजे एका मोटरला ७२० अँपिअर आणि जास्तीत जास्त ७०० व्होल्ट. अमेरिकन अल्टरनेटर अमेरिकन मोटरांसाठी बनलेला असतो आणि त्याहून बरंच जास्त व्होल्टेज देऊ शकतो. कंट्रोलमध्ये ही मर्यादा घालायची राहिली तर पहिल्याच वेगाच्या चाचणीत मोटरच्या कम्युटेटरवर (ब्रश घासतात त्या भागावर) आगीचं रिंगण दिसेल. मोटरचं चुंबकीय क्षेत्र (फील्ड) कमकुवत करून वेग वाढवणारे जुने दोन टप्पे ठेवायचे की काढायचे, हे अल्टरनेटर किती व्होल्ट देतो यावर ठरवा. मोटरला ७०० च्या वर न्यायचं नसेल तर ते टप्पे लागतातच.

एक सुखद गोष्ट म्हणजे बॅटरी. सोव्हिएत लोकोत शिसे-आम्लाचे ३२ सेल, ६४ व्होल्ट, चार्जिंग ७५ च्या आसपास. अमेरिकन मोठ्या लोकोचीही पद्धत जवळपास तीच. त्यामुळे दिवे, रिले, सिग्नल यंत्रणा यांच्यासाठी कन्व्हर्टर लावावे लागत नाहीत. कॅटरपिलरच्या स्टार्टरला २४ व्होल्ट लागू शकतात. तिथे वेगळी बॅटरी द्या, ६४ व्होल्टच्या बॅटरीतून काही सेल टॅप करून काढू नका.

कंट्रोलरचा घोळ मात्र आहे. या सोव्हिएत लोकोंना १५ पोझिशन असतात, अमेरिकन इंजिनाला आपल्या आल्कोसारख्या ८ नॉच. लोको एकटाच चालणार असेल तर सरळ नवा कंट्रोलर बसवा आणि ड्रायव्हरना शिकवा. पण नव्याने बांधलेला लोको जुन्या लोकोबरोबर जोडीने चालणार असेल तर १५ ची ८ शी सांगड घालावी लागते. कोणत्या पोझिशनला कोणती शक्ती, हे तक्त्यात बसवा आणि दोघांचा करंट एका रेकॉर्डरवर तपासा. एक ढकलतोय आणि दुसरा लोंबकळतोय हे मीटर पाहून पटकन कळत नाही, पण आठवड्याभरात एकाच्याच मोटरा गरम लागतात. टीई१० च्या दोन भागांपैकी एकच बदलायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

चाक घसरण्यावरचं नवं नियंत्रण या टप्प्यात नक्की घ्या. ओढ मोटरांमुळे वाढत नाही हे आपण पाहिलंच. पण ओल्या रुळावर मिळणारी ओढ जास्त भरवशाची होते, आणि वाळूही कमी लागते.

तेल, पाने, माणसं

जुनं एम-१४व्ही२ तेल नव्या इंजिनाला घालू नका, बनवणाऱ्याने मंजूर केलेलंच वापरा, आणि शेडमध्ये वेगळ्या रंगाची टाकी ठेवा. पाने आणि सॉकेट इंचातले लागतात. मिलिमीटरच्या पान्याने इंचाचा नट 'जवळजवळ बसतो' म्हणून फिरवला की त्याचे कोपरे जातात. टॉर्क रेंचही नवे घ्या आणि त्यांची तपासणी वेळेवर करा. आल्कोवर तयार झालेल्या फिटरला इथे सोपं जातं, मेट्रिकवर वाढलेल्यांना वेळ द्यावा लागतो. प्रशिक्षण इंजिन येण्याआधी पूर्ण करा.

चाचणी

लोड बॉक्स (उभ्या लोकोवर कृत्रिम भार टाकणारं यंत्र) नसेल तर सोव्हिएत शेडांत असतो तसा पाण्याचा रिओस्टॅट चालतो. मोठं टाकं, पाणी, वर-खाली होणाऱ्या पट्ट्या. प्रत्येक नॉचला थांबून व्होल्ट, अँपिअर, पाणी-तेलाचं तापमान, टर्बोचा दाब, प्रत्येक सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान लिहा. डिझेल वजनावर मोजा, टाकीच्या काचेवर नाही. अल्टरनेटरची कार्यक्षमता आणि सहाय्यक यंत्रणांचा खर्च धरून इंजिनाची खरी शक्ती काढा. ती करारातल्या आकड्याला हवामानाची दुरुस्ती लावून जुळली पाहिजे. इंजिन गरम असतानाच क्रँकची तिसरी रीडिंग घ्या.

मग रुळावर. आधी एकटा लोको, मग रिकामे डबे, मग भरलेली गाडी, आणि तीही तुमच्या सेक्शनमधल्या सगळ्यात अवघड चढावर. तिथे मोटरांचं तापमान मोजा, इंजिनाचं नाही. इंजिन नवं आहे, ते तग धरेल. ब्रेकसाठी नवा कंप्रेसर किती वेळात मुख्य टाक्या भरतो ते घड्याळ लावून पाहा, लांब मालगाडीला ब्रेक पाइप भरायला तो पुरला पाहिजे.

सेवेत गेल्यावर पहिले सहा महिने तेलाचा नमुना नेहमीपेक्षा दुप्पट वेळा काढा आणि त्यात तांबं, शिसं, लोखंड, सिलिकॉन यांचे आकडे ओळीने मांडा. सिलिकॉन चढायला लागलं तर हवेची गळती शोधा, शिसं आणि तांबं चढलं तर बेअरिंगकडे आणि अलाइनमेंटकडे बघा. पायाचे बोल्ट पहिल्या महिन्यानंतर परत टॉर्कवर तपासा. पहिल्या लोकोवर हे सगळं नीट होईपर्यंत दुसऱ्या लोकोचं जुनं इंजिन काढू नका. दहा लोको एकदम उघडून ठेवले आणि पहिल्याच्या रेडिएटरचा हिशोब चुकीचा निघाला, तर तो दहा ठिकाणी दुरुस्त करावा लागतो.